सांदण दरी आणि तिसरा दिवस

हिवाळ्याच्या सुमारास शाळेच्या सहलीची गोष्ट निघाली म्हणजे कांहीं पालक आम्हांस हटकून विचारतात कीं, दोन दिवसांत भागणार नाहीं काय? त्यांचें म्हणणें अगदींच गैर आहे असें नाहीं. शिकवण्या बुडतात, खर्च वाढतो, आणि घरीं आईचा जीव टांगणीस लागतो. तथापि सांदण दरीपुरतें बोलावयाचें तर आमचें उत्तर नकाराचेंच राहील. तें कां, हें येथें मांडूं द्यावें.

आपल्या कळंबोलीच्या मुलांस डोंगर दिसत नाहींत असें नव्हे. हवा स्वच्छ असली म्हणजे पूर्वेस माथेरान व प्रबळगड यांची रांग दिसते. परंतु ती दिसते लोखंडाच्या बाजारापलीकडे, ट्रकांच्या धुळींतून. घाट म्हणजे येथूनच निघणाऱ्या द्रुतगति मार्गावरील बोगदे, एवढीच त्यांची ओळख. सह्याद्रि चढून आलों हें पुष्कळांस पुण्याजवळ जाग आल्यावर कळतें!

सांदण दरी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत साम्रद गांवाजवळ आहे. भंडारदऱ्याचा जलाशय मागें टाकून तेथें जावें लागतें. एका अंगास रतनगड, दुसऱ्या अंगास अलंग, मदन व कुलंग. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तप्त रसाचे थरावर थर सांचून येथील काळा पाषाण झाला, आणि त्यांतील भेग पाण्यानें कोरून कोरून खोल केली. गांवाकडून चालत जावें तों सपाट जमीन एकाएकीं दुभंगते व पायवाट तिच्या पोटांत उतरते. दोन्ही बाजूंस दोनशे फुटांहून उंच कडे. मधली वाट कोठें कोठें फारच चिंचोळी. तळाशीं ऊन फारसें पोंचत नाहीं, म्हणून डोहांचें पाणी भर दुपारींहि हाडें गोठवितें. पावसाळ्यांत हीच वाट ओढा होते, व वर माथ्यावर पडलेली सर पाहतां पाहतां खालीं धांवून येते. त्या दिवसांत तेथें उतरणें हा निव्वळ अविचार होय. डोहांपुढें धोंड्यांचा पसारा, त्यापुढें दोरावरून उतरावयाचे कडे, आणि अखेरीस दरी कोंकणांत, शहापूर तालुक्यांतील डेहणे गांवाच्या बाजूस, मोकळी होते.

हल्लींची रीत अशी: रात्रीं शेवटच्या लोकलनें कसारा, तेथून जीपनें पहाटे साम्रद, आणि चहा घेऊन तसेंच दरींत. गतवर्षीं आम्हींहि असेंच केलें. दुसऱ्या डोहापाशीं नववींतील एक विद्यार्थी थांबला. मैदानावर तो कबड्डीचा पक्का गडी. पण कमरेएवढें पाणी पाहून त्याचा पाय उचलेना. रात्रभर झोंप नाहीं, मागें रांग खोळंबलेली, कोणी हंसलें. आम्हीं घड्याळ पाहिलें आणि त्याच्यावर रागावलों. तो पाण्यांतून गेला. परंतु पलीकडे कुडकुडत बसला, व पुढें दोर पाहतांच रडूं लागला. साम्रदच्या वाटाड्यानें त्याच्या खांद्यावर आपली घोंगडी टाकली. "लेकरा, चल, आपण मागं जाऊं," एवढेंच तो बोलला, आणि एका सहशिक्षकांसह त्यास परत घेऊन गेला. जें आम्हीं करावयाचें तें त्या गृहस्थानें केलें.

पवित्र शास्त्रांत याकोब व एसाव या भावांच्या भेटीची कथा आहे. एसाव बरोबर चालण्याचा आग्रह करतो. याकोब त्यास पुढें जाऊं देतो, कारण सोबत लेंकरें व पाडसें आहेत, आणि त्यांच्या पावलानेंच चालणें त्यास भाग आहे. आमच्या वर्गांत ही कथा आम्हीं किती वेळां शिकविली असेल!

म्हणून यापुढें पहिली रात्र साम्रदला, भाकरी खाऊन स्वस्थ झोंपण्याची. दुसऱ्या दिवशीं दरी, आणि सर्वांत हळू चालणारें मूल रांगेच्या अग्रभागीं. दोराशीं येतांच प्रत्येकास विचारावें. जो नको म्हणेल त्यानें शिक्षकांबरोबर माघारीं जाऊन करोली घाटानें खालीं यावें, व त्याबद्दल कोणीं चकार शब्द काढूं नये. रात्रीं सर्वांनीं खालीं एकत्र मुक्काम करावा, आणि तिसऱ्या दिवशीं डेहण्यावरून आसनगांवची गाडी गांठावी. तरबेज प्रौढ मंडळी ही दरी याहून लौकर उतरतात, हें आम्हांस मान्य आहे. त्यांनीं खुशाल उतरावी. त्यांच्यामागें तेरा-चौदा वर्षांचीं चाळीस मुलें नसतात.

वाढत्या खर्चाविषयीं पालकांच्या सभेंत बोलूंच. त्या विद्यार्थ्यास आम्हीं परवां बोलावून आपली चूक कबूल केली, व यंदा येतोस का, असें विचारलें. त्याचें दहावीचें वर्ष आहे. घरीं विचारून सांगतों, असें तो म्हणाला; अद्याप त्याचा निरोप आलेला नाहीं.