शोभेच्या वृक्षांचे उत्तरदायित्व

रायपूर-भिलाई मार्गावरील कुम्हारीहून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. महाराष्ट्रातील वाचकांना तो जुना क्रमांक सहा म्हणून परिचित आहे. महामार्गांच्या दुतर्फा वृक्षलागवडीसाठी केंद्राने 2015 मध्ये हरित महामार्ग धोरण आणले आणि प्रकल्पखर्चाचा एक टक्का त्यासाठी राखून ठेवला. उद्देश स्तुत्यच होता. तथापि कोणते झाड लावावे, हा प्रश्न किती झाडे लावावीत याइतकाच महत्त्वाचा आहे.

याचा धडा केरळमधील वायनाड देते. तेथे 1980च्या दशकात सामाजिक वनीकरणाने सेना स्पेक्टॅबिलिस हा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील वृक्ष शोभेसाठी व सावलीसाठी लावला. पिवळ्याधमक फुलांचा हा वृक्ष झपाट्याने वाढतो, विपुल बी धरतो आणि तोडल्यास बुंध्यापासून पुन्हा फुटतो. आज तो वायनाड, मुदुमलाई आणि बंदीपूरच्या जंगलांत पसरला आहे. त्याच्या दाट छायेखाली गवत टिकत नाही. परिणामी हत्ती व हरणांचा चारा घटतो. तामिळनाडूने 2022 मध्ये आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरण आखले आणि तोडलेले लाकूड कागदनिर्मितीकडे वळवले. लावणे काही रुपयांचे होते. उपटणे पिढ्यांचे काम ठरले आहे.

छत्तीसगडला किंवा विदर्भाला हा अनुभव परका नाही. तळ्यांच्या काठी माजलेली बेशरम हीदेखील अमेरिकेतूनच आलेली. कुंपणासाठी आणि फुलांसाठी जोपासलेली. लोकांनी तिला दिलेले नाव पुरेसे बोलके आहे. घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणूनच दाखल झाली होती.

परदेशी असणे हा वनस्पतीचा गुन्हा नव्हे. मिरची परदेशीच, आणि मादागास्करचा गुलमोहर आपल्या उन्हाळ्याचा अलंकार झाला आहे. दोष आहे तो पारख न करता लागवड करण्याचा. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार व प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. परंतु झाडाची निवड होते ती रोपवाटिकेत आणि निविदेच्या परिशिष्टात. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञाची संमती अनिवार्य असावी, आणि पसरलेला वृक्ष काढण्याचा खर्च तो लावणाऱ्या खात्याच्या अंदाजपत्रकात नोंदला जावा. जगलेल्या रोपांची टक्केवारी हेच यशाचे एकमेव माप राहिले, तर मरणच नसलेली झाडे नेहमीच पहिली येतील. कडुनिंब, करंज, अर्जुन यांना संधी द्यायची असेल, तर आधी हे माप बदलावे लागेल.