लिप बाममधले ‘लॅनोलिन’ व्हीगन आहे का?

सोलापूरच्या कोरड्या हवेत ओठांना लिप बाम आणि टाचांच्या भेगांना मलम लागतेच. त्यातील काहींत ‘लॅनोलिन’ असते. ते व्हीगन आहे का? उत्तर स्पष्ट आहे : नाही.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचे मेण. मेंढीच्या त्वचेतील ग्रंथींतून ते पाझरते आणि लोकरीचे पावसापासून रक्षण करते. कातरलेली लोकर धुताना ते वेगळे काढून शुद्ध करतात. आपल्याकडे घोंगडीसाठी वापरतात ती दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. प्रसाधनांतील लॅनोलिन मुख्यतः मेरिनोसारख्या मऊ, तेलकट लोकरीचे असते.

त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, म्हणून अनेक शाकाहारींना ते चालते. व्हीगन मात्र दूध, मध, लोकर यांपैकी काहीच वापरत नाहीत. म्हणजे ‘शाकाहारी’ वस्तू ‘व्हीगन’ असेलच असे नाही. ‘एफएसएसएआय’चे २०२२ चे व्हीगन नियम आणि चिन्हही खाद्यपदार्थांसाठी आहे, क्रीमसाठी नाही.

लेबलवर ‘वूल फॅट’, ‘वूल वॅक्स’, ‘अ‍ॅडेप्स लॅनी’ किंवा ‘लॅनोलिन अल्कोहोल’ दिसले, तरी स्रोत मेंढीच. शिया बटर, एरंडेल तेल, कँडेलिला मेण हे वनस्पतिजन्य पर्याय आहेत.

पण ही अवघड नावे ग्राहकाने का पाठ करावीत? घटक प्राणिजन्य की वनस्पतिजन्य, एवढे दोन शब्द मराठीत ठळक छापणे कंपन्यांना जड नाही. काय वापरायचे ते ग्राहक ठरवेल. त्याआधी त्याला खरे कळले पाहिजे.