तो सांगायचा नाही, तरी कळायचं

कुत्र्याकडून काय शिकावं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: निष्ठा. मग जपानच्या हाचिकोचं रील येतं. १९२५मध्ये मालक गेला, तरी हा १९३५पर्यंत, मरेपर्यंत, शिबुया स्टेशनवर त्याची वाट बघत राहिला. खाली रडक्या इमोजींची रांग. गोष्ट खरी आहे, मलाही आवडते. पण खरं सांगा, घरात दहा-बारा वर्षं कुत्रा असूनही आपल्यापैकी किती जण निष्ठावान झाले? निष्ठा हा त्याचा गुण होता, त्याच्यापाशीच राहिला.

आपल्याला मिळालं ते वेगळंच, आणि त्याचं रील होत नाही. न बोलणाऱ्याचं दुखणं ओळखायला आपण शिकलो.

मी तिसरीत असताना आमच्याकडे मोत्या आला. गावठी, गल्लीतलाच. 'पोट दुखतंय' असं त्याला कधी म्हणता आलं नाही. दूध-भाकरी तशीच ठेवून तो जिन्याखाली जाऊन बसला, बाबांच्या गाडीचा आवाज आला तरी उठला नाही, की आई म्हणायची, "याचं आज काहीतरी बिनसलंय." मग कान उलटून बघायचा, पंजे चाचपायचे. कधी गोचीड निघायची, कधी काटा. मांजरवाल्यांना तर हे जास्तच माहीत असेल. मांजर दुखणं लपवतं, कपाटामागे जाऊन गप्प पडतं.

आणि नुसती माया करून भागत नाही, हेही तिथंच कळलं. आपल्या हातातलं चॉकलेट त्याला प्रेमाने भरवाल, तर ते विष ठरू शकतं. कांदा, लसूण, मनुके, तेही नकोत. त्याला काय चालतं हे आपल्या आवडीवरून ठरत नाही. रेबीजची लस दर वर्षी टोचायची म्हणजे टोचायची, तो कितीही केविलवाणा बघू दे.

आता हॉस्टेलवर या. रूममेट दोन दिवस मेसला आला नाही. लेक्चर बुडवतोय, दुपारी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलाय. आपण दारातूनच विचारतो, "ठीक आहेस ना?" तो म्हणतो, "हो रे." झालं, आपण मोबाइलमध्ये. घरच्या कुत्र्याने ताट सोडलं असतं, तर एवढ्यावर गप्प बसला असता का? माणसाला बोलता येतं, ही आपली मोठी सोय झाली आहे. तो 'हो' म्हणाला, आपण सुटलो!

मला वाटतं, तिथं प्रश्नांची सरबत्ती नकोच. डबा भरून न्या, शेजारी बसा, उद्या परत जा. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. त्याला लावून द्या, नाहीतर स्वतः फोन करून काय करायचं ते विचारा.

आपण कॉलेजात पोहोचतो तोवर तिसरीत आणलेलं पिल्लू म्हातारं झालेलं असतं, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. सेमिस्टरचे दोन पेपर बाकी असताना मी फोनवर मोत्याची चौकशी केली. आई म्हणाली, "तू जेवलास का?" मी म्हटलं, "हो." पुढचं काही विचारलं नाही. तिला सांगायचं नव्हतं, आणि मला कळलं होतं.