गाडी आपली, बादली कोणाची?

आपल्या माणसांच्या दारात आता स्कॉर्पिओ, बोलेरो, क्रेटा उभ्या राहू लागल्या आहेत. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती. यावर नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. 'सवलती घेऊन गाड्या उडवतात' असे म्हणणाऱ्यांना शेजारच्या बंगल्यातल्या तीन गाड्या कधी दिसत नाहीत. तेव्हा गाडी घ्या, मोठी घ्या, सात माणसांची घ्या. आमचा प्रश्न पुढचा आहे. ती गाडी धुतो कोण?

वाहन आणि जात यांचे नाते आपल्याला नवे नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना कोणी बैलगाडीत घेईना. अखेर एक गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बरोबर पायी चालणार. १९२९ साली चाळीसगावला तेच. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते, तरी टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. वस्तीतल्या माणसाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता त्याने, लगाम हातात घेतला. टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. दोन्ही प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहेत. या प्रसंगात नीट पाहण्यासारखे काय आहे? टांगेवाला गरीबच होता, रोजच्या भाड्यावर जगणारा. पण एका बॅरिस्टरपेक्षा आपण वरचे आहोत, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

आता गाडीही आपली आणि स्टिअरिंगही आपल्या हातात आहे. पण बादली अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथली पोरे पहाटे पाचला सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उतरतात. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणी बिहारमधून. कोणी थेट आपल्याच समाजाचे, दहावीनंतर शाळा सुटलेले. गाडीमागे महिन्याला पाचशे-सहाशे रुपये, एकेकाकडे पंचवीस-पंचवीस गाड्या. साहेब लोक नऊला ऑफिसला निघतात, म्हणजे चार तासांत पंचवीस गाड्या. हिशोब करा. एका गाडीला दहा मिनिटेही येत नाहीत. या दहा मिनिटांत एक बादली, एक फडके आणि आठ गाड्यांची धूळ खाऊन काळे झालेले तेच पाणी.

इथे आमचा मुद्दा सुरू होतो. गाडीला रोजच्या या फडक्याची गरज नाही. उलट ते तिचे नुकसान करते. रंगावर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. कोरड्या किंवा अर्ध्या ओल्या फडक्याने ती घासली की रंगावर बारीक ओरखडे उठतात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनेटवर ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल चमक दिसते ना, ते हेच ओरखडे. नव्या गाडीचा रंग दोन वर्षांत मेल्यासारखा होतो. मग मालक त्या पोराला शिव्या घालतो आणि दुकानात जाऊन हजारो रुपयांचे कोटिंग करून येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच फडके.

मग हे रोजचे पुसणे चालते कशासाठी? सकाळी खाली उतरल्यावर आपल्यासाठी कोणीतरी आधीच राबून गेले आहे, हे दिसावे म्हणून. गावच्या पाटलाला ओटा रोज झाडलेला लागायचा. धूळ होती की नाही हा प्रश्नच नव्हता, झाडणारा होता हे महत्त्वाचे. पार्किंगमधली ओली गाडी हा त्या ओट्याचाच नवा अवतार आहे, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमचेच मित्र चिडतात.

चिडलेल्यांचे म्हणणे असे : 'आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण काढली. आता शिकलो, कमावतो, तर पुन्हा हातात फडके कशाला?' हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही, यात खरी जखम आहे. पण १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे सांगितले ते कशासाठी? ते काम जन्माने लादलेले होते, दुसऱ्यांचे होते आणि त्याच्या बदल्यात हक्काची मजुरी नव्हे तर भाकरीचे तुकडे मिळत होते, म्हणून. त्या वतनी गुलामीवर कायद्याने पडदा पडायला १९५८ उजाडले. त्यात सोडायचा होता तो दुसऱ्याच्या घाणीवरचा आपला जन्मसिद्ध 'हक्क'. स्वतःची भांडी, स्वतःचे कपडे, स्वतःची गाडी धुणे सोडा, असे तिथे कोणी सांगितले नव्हते. आपल्या हातातला झाडू खाली ठेवताना तो आपल्याहून एक पायरी खाली असलेल्याच्या हातात द्यायचा, हीच तर श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येकाला कोणीतरी खालचा मिळतो, म्हणून ही व्यवस्था कोणी मोडत नाही.

दुसऱ्या बाजूने कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही श्रमाचे पावित्र्य सांगताय, गांधीवादी झालात! मुळीच नाही. सफाईच्या कामाला पवित्र म्हणून ते करणाऱ्याला त्याच्याच जागी बांधून ठेवण्याच्या गांधीवादी शिकवणीचा बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात खरपूस समाचार घेतला आहे. गाडी धुण्यात काहीही पवित्र नाही. ते दीड तासाचे काम आहे, थोडे कंटाळवाणे, कंबर दुखवणारे. म्हणूनच ज्याची गाडी त्याने ते करावे.

आणि ते नीट करावे. आम्ही हे नुसते तत्त्व म्हणून सांगत नाही, करतो म्हणून सांगतो. आठ-पंधरा दिवसांतून एकदा पुरते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत. तापलेल्या बोनेटवर शाम्पू वाळतो आणि डाग धरतो. आधी चाके, त्यांच्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश, कारण ब्रेकची काळी भुकटी रंगाला लागली तर ओरखडे पडलेच म्हणून समजा. मग सगळ्या गाडीवर साधे पाणी सोडून धूळ खाली उतरू द्यायची, हात न लावता. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. त्यानंतर दोन बादल्या : एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच पुन्हा शाम्पूत. सुरुवात टपापासून. एसयूव्ही उंच असते, म्हणून टप राहूनच जातो आणि तिथली धूळ पहिल्या पावसात काचेवर उतरते. घरात भक्कम स्टूल असते, ते घ्या; पायदानावर चढून लोंबकळू नका. शेवटी दारांचा खालचा भाग आणि डिकी, सगळ्यात जास्त चिखल तिथेच असतो. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, त्याने वॅक्स निघून जाते. जुनी बनियन आणि साडीचा तुकडाही नको.

वाळवणे हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ते तसेच वाळले की काचेवर आणि रंगावर पांढरे ठिपके बसतात आणि नंतर घासूनही जात नाहीत. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यायचे, रगडायचे नाही. आरशांच्या मागे, दारांच्या कडांत, डिकीच्या रबराखाली पाणी साचून राहते, तिथे हात फिरवा. दारांच्या तळाशी छोटी छिद्रे असतात, ती चिखलाने बुजली तर पाणी आत राहून दार आतून गंजते. मग गाडी सोसायटीतच एक चक्कर फिरवून ब्रेक दोन-तीनदा दाबा, चकत्या कोरड्या होतात.

संरक्षणाचे म्हणाल तर स्वच्छ, कोरड्या गाडीवर दोन-तीन महिन्यांतून एकदा वॅक्सचा पातळ हात पुरतो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसेल त्या दिवशी ओल्या कपड्याने मऊ करून काढा, उन्हात राहिले तर रंग खातात. कोकणात राहणाऱ्यांनी आणि पावसाळ्यात गावाकडे जाऊन आलेल्यांनी गाडीचे पोट आणि मडगार्डच्या आतली बाजू धुतलीच पाहिजे, गंज तिथून सुरू होतो. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने हलून तेच सँडपेपरचे काम करते.

आता पाणी. पाण्याबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला कोणाकडून मागून घ्यावा लागत नाही. चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो तेव्हा त्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले होते. पण म्हणूनच पाइप उघडा सोडून गाडी धुताना आपल्याला जरा लाज वाटली पाहिजे. नळीतून मिनिटाला दहा लिटर धरले तरी वीस मिनिटांत दोनशे लिटर जातात. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी ठरवले आहे. म्हणजे साडेतीन माणसांचे दिवसाचे पाणी, तेही कागदावरचे, एका गाडीवर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या लातूर-धाराशिवची पोरे आज शहरात येऊन पिण्याच्या पाण्याने दुसऱ्यांच्या गाड्या धुतात. दोन बादल्या, मग आणि शेवटचे खळबळणे धरून पन्नास-साठ लिटरमध्ये मोठी गाडी स्वच्छ होते. सवय लागली की त्याहूनही कमीत.

घरातल्या पुरुषांसाठी एक गोष्ट. आपल्या घरांतली कितीतरी पोरे जेवलेले ताट उचलत नाहीत, पण गाडी धुवायला हौसेने उतरतील, फोटोही टाकतील. टाकू द्या. फक्त गाडीच्या आतली चादर, पायाखालच्या मॅट आणि वापरलेले टॉवेल धुवायला आईकडे फेकू नका. तेही गाडीचेच काम आहे.

राहता राहिला रोजगाराचा प्रश्न. 'आपण धुवायला लागलो तर त्या पोराच्या पोटावर पाय येईल.' ही काळजी खरी असेल तर ती पगारात दिसायला हवी होती, आणि ती दिसत नाही. वय झालेले, आजारी, कामाच्या पाळ्यांत अडकलेले लोक माणूस लावणारच, आम्ही त्यांना दोष देत नाही. पण मग सोसायटीच्या पुढच्या सभेत आपल्यातल्या गाडीवाल्यांनी उभे राहून बोलावे. रोजचे पुसणे बंद करा, आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडीला पूर्ण अर्धा तास द्या, आणि महिन्याचा पैसा एक रुपयाही कमी करू नका. मोजे, गमबूट, शाम्पू आणि टॉवेल मालकाचे. आठवड्याची सुट्टी, आजारपणाचा पगार. खालच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याच्याजवळ. वर पैसे घ्यायला आला तर त्याच लिफ्टने, ज्या लिफ्टने आपण जातो. 'कामवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट' ही पाटी आपल्या इमारतीत असेल आणि आपण तिच्या शेजारून रोज जात असू, तर निळा झेंडा बाल्कनीत लावण्याआधी ती पाटी काढायला लावा.

आणि रोख देत असाल तर पैसे त्याच्या हातात द्या. वायपरखाली खोचून ठेवू नका.