सुकटीच्या ढिगामागच्या बाया

आठवडी बाजारात सुकटीचा ढीग लावून बसलेल्या बाईशी आपण रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. ती सुकट कुठून आली, हे सहसा विचारत नाही. वर्ध्यापासून समुद्र शेकडो कोस दूर. तिथे डोल जाळ्यात सापडणारा जवळा वाळवायचा, निवडायचा आणि विकायचा, ही कामे मुख्यतः कोळणींची. पण मासेमारी म्हटले की आपल्याला दिसतात फक्त बोट, जाळे आणि पुरुष.

जगभर समुद्रातली कोळंबी आणि खेकडे यांचे चित्र बदलते आहे. अमेरिकेच्या मेन किनाऱ्यावरची कोळंबीची मासेमारी पाणी तापल्याने २०१४ पासून बंद पडली. अलास्कात बर्फाळ समुद्रातले खेकडे इतके घटले की २०२२ साली तो हंगाम प्रथमच रद्द झाला. दुसरीकडे कोळंबीची शेती वाढली. कवचाच्या जलचरांचे निम्म्याहून अधिक उत्पादन आज मत्स्यशेतीतूनच येते. आपल्याकडेही २००९ मध्ये व्हॅनामेई कोळंबीला परवानगी मिळाल्यावर निर्यातीचा भार शेतीकडे गेला. जाळ्यात कासव सुटण्याची सोय नाही म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतातील समुद्री कोळंबीची आयात थांबवली. कासवे वाचायलाच हवीत. पण माल अडला की सोलणीच्या शेडमधल्या बाईचा रोज बुडतो, त्याची नोंद कोण घेते?

हा प्रश्न केवळ आपला नाही. उत्तर समुद्रातली छोटी कोळंबी सोलायला मोरोक्कोत जाते, कारण तिथल्या बायांचे हात स्वस्त आहेत. सोललेली कोळंबी पुन्हा युरोपात परतते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार मासे पकडण्या-पाळण्याच्या कामात स्त्रिया २४ टक्के, तर त्यापुढच्या कामात ६२ टक्के. म्हणजे मालकी आणि परवाना जिथे, तिथे बाई कमी. जिथे मजुरी, तिथे ती जास्त.

आपल्या भागात ढीवर-भोई समाजाच्या बाया तलावातले झिंगे टोपलीत घेऊन गावोगाव विकतात. तलावाचा ठेका मात्र सहकारी संस्थेकडे, आणि सभासदांत बहुतेक पुरुष. २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत स्त्रियांना ६० टक्के अनुदान आहे. पण तलाव तिच्या नावे नसेल, सभासदत्व नसेल, तर ते अनुदान तिच्यापर्यंत पोहोचणार कसे?

मैत्रिणींनो, शेतकरी स्त्रीच्या सातबाऱ्याचा प्रश्न आपण लावून धरला. तशीच मच्छीमार स्त्रीच्या सभासदत्वाची मागणी आता गावागावांतून उठली पाहिजे. विक्रीसाठी ओटा, पाणी आणि संडास हे तर तिच्या हक्काचेच आहेत. पुढच्या बाजारी सुकट घेताना भाव विचारालच, त्याआधी एवढे विचारा: बाई, संस्थेत तुमचे नाव आहे का?