डासांच्या प्रतिकाराची किंमत

फवारणीनंतरही डास दिसले की ‘त्यांना आता औषधाची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः एखाद्या डासाला अशी सवय होत नाही. बहुतेक डास मरतात. जन्मतःच वेगळे जनुक लाभलेले मोजके उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते.

दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिएजवळच्या किनारपट्टीत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून डासांच्या अळ्यांवर ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके फवारली गेली. मज्जातंतूंतील संदेश वेळीच थांबवणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, हे विष जखडून टाकते. तेथील क्युलेक्स डासांत मात्र या विकराच्या ११९व्या स्थानी ग्लायसीनऐवजी सेरीन आले आणि विषाची पकड सुटली. डीएनएमधील अवघ्या एका अक्षराचा हा फेरफार! आफ्रिकेतील हिवतापवाहक ॲनोफिलिस डासांतही नेमका तोच बदल असल्याचे २००३ मध्ये स्पष्ट झाले.

हा लाभ फुकटचा नव्हे. बदललेल्या विकराचे मूळ काम ६० टक्क्यांहून अधिक मंदावते. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, जेथे फवारणी होत नाही, तेथे हे जनुक विरळ होत जाते. दुर्दैवाने काही डासांत जुने व नवे जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आले असून तेथे हा तोटा बराचसा भरून निघतो.

अशा वेळी ऑर्गनोफॉस्फेटऐवजी कार्बामेट आणणे व्यर्थ ठरते, कारण डब्यावरचे नाव वेगळे असले तरी दोन्ही विषांचा मारा त्याच विकरावर असतो.