पट्टी एकच, शहरे वेगळी

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधील गृहसंकुले ज्यांच्या श्रमावर चालतात, त्या सुरक्षारक्षकांची आणि घरकाम करणाऱ्या महिलांची कुटुंबे गरीब आहेत की नाहीत? सरकारी उत्तर योजनेनुसार बदलते. राज्यात अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा प्राधान्य कुटुंबांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, तर शहरांत ५९ हजार रुपये ठेवण्यात आली. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारांहूनही कमी! पती-पत्नी दोघेही कमावते असतील, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि माणशी पाच किलो धान्याचा हक्क जातो. याउलट, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली ती अडीच लाखांची मर्यादा घेऊन. एकच कुटुंब एका खात्याला गरजू वाटते, दुसऱ्याला सधन.

खरी मेख पुढेच आहे. ग्रामीण आणि शहरी मर्यादेतील फरक महिन्याला अवघा साडेबाराशे रुपयांचा. मुंबईलगतच्या खोलीभाड्यापुढे तो नगण्य ठरतो. शिवाय परभणी आणि मीरा-भाईंदर या दोन्ही शहरांना पट्टी एकच. तामिळनाडूने रेशनच्या तांदळासाठी उत्पन्नाची अशी चाळणीच लावली नाही. महाराष्ट्राला तेवढे झेपणार नसेल, तर निदान उत्पन्नमर्यादेची सांगड स्थानिक घरभाड्याशी घालावी. जादा पाळी करून चार पैसे मिळवले म्हणून धान्य तुटावे, ही शिक्षा कष्टकऱ्यांना कशासाठी?